जातानाची गाडी

भिंगरीच्या बाबांची गाडी दोन माणसं चालवायची. एक जाताना, एक येताना. दोन्ही बाबाच, पण घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. जाताना गाडीत फक्त मासे असायचे, आणि मासे काही घरी येऊन चुगल्या करत नाहीत.

बाबांचा धंदा माशांचा. खायच्या नव्हे, बघायच्या. दवाखाना, बँक, हॉटेल, जिथं जिथं माणसाला ताटकळत बसावं लागतं, तिथं बाबांनी काचेची टाकी मांडलेली. सकाळी ते गाडी भरायचे. पाण्यानं अर्ध्या भरलेल्या पिशव्या, त्यात मासे, वर हवा फुगवून मारलेली गाठ. पुढच्या सीटवरसुद्धा खोकीच, पोरांना टेकायला बोटभर जागा नाही. दुपारी गाडी रिकामी झाली की बाबा शाळेच्या फाटकाशी यायचे, भिंगरीला उचलून सीटवर टाकायचे, आणि सुटायचे.

सुटायचे म्हणजे सुटायचेच. हॉर्नवर तळवा पडला की उठायचा नाही. पुढच्या गाडीच्या शेपटीला नाक लावून चालायचं, डावीकडून घुसायचं, सिग्नल पिवळा झाला की पाय आणखी दाबायचा. आणि तोंड तर विचारू नका. "हल ना मुर्दाडा, रस्ता काय आंदण मिळालाय?" भिंगरीला ते फार आवडायचं. खिडकीतली झाडं एकमेकांत विरघळायची, दुकानांच्या पाट्या पातळ होऊन वाहायला लागायच्या, आणि मध्ये बाबा, सगळ्या दुनियेला रागे भरणारा राजा. पाढे तिला शेवटपर्यंत आले नाहीत. शिव्या मात्र तोंडपाठ झाल्या, अगदी कुठल्या वळणावर कुठली, इथपर्यंत.

पुढं शाळेचं आणि तिचं फाटलं, तिनं शाळा सोडली. गाडी काही सोडली नाही. अठरा पुरी झाली तसं लायसन्स काढलं. आई म्हणाली, खाण तशी माती. भिंगरीला ते कौतुकच वाटलं.

लायसन्सला तीन आठवडे झाले असतील, तेवढ्यात बाबा दुकानातल्या ओल्या फरशीवर घसरले. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. आणि त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला हलणार होता. नुसता दवाखाना नाही, आजोबाही हलणार होते.

आजोबा म्हणजे मासा. काळा, अंगावर केशरी निखाऱ्यासारखे डाग, लांबीला हातभर. अकरा वर्षं त्या टाकीत. तोंड न उघडणारी पोरं आजोबांचं तोंड उघडमीट होताना बघायची आणि आपलंही उघडायची. म्हातारा मासा, धक्का सोसणारा नव्हता. बाबांनी दुसऱ्या कुणाची गाडी बघायचं म्हटलं, तर भिंगरीच्या नाकावर राग तयारच. मी काय मेले का, म्हणाली. तुमच्यासारखीच चालवते.

बाबांनी प्लास्टरकडे बघितलं. नंतर म्हणाले, बरं.

आजोबांना दोन दिवस उपाशी ठेवलं होतं, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. निळ्या टबात पाणी, झाकणाला भोकं, बॅटरीवरचा पंप बुडबुडतोय. टब मागं दोरीनं आवळला. पुढं भिंगरी, मधे धाकटा भाऊ ढब्बू, वय वर्षं सात, शाळेतून आता तोच या गाडीनं यायचा, कडेला बाबा, प्लास्टर मांडीवर बाळासारखं घेऊन. ढब्बूला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तो.

पहिल्या चौकापर्यंत ठीक गेलं. मग एक सायकलवाला आडवा आला आणि भिंगरीचा पाय तिला न विचारताच ब्रेकवर गेला, तळवा हॉर्नवर. मागं पाणी धप्पकन आपटलं. बाबांनी मान वळवून मागं बघितलं. पुढच्या वळणाला एक मोटार हळू होती. भिंगरीनं उजवीकडून घातली, गिअर खेचला, आणि ती तोंड उघडणार, तेवढ्यात ढब्बूनं बाबांच्या अंगावरून खिडकीबाहेर डोकं काढलं आणि त्या मोटारीतल्या म्हाताऱ्या बाईकडे बघून ओरडला, "हल ना मुर्दाडे, रस्ता काय आंदण मिळालाय?"

त्या बाईनं मान वळवून बघितलं. चिडली नाही. तिला कळलंच नाही की इतका छोटा आवाज इतकं मोठं कसं काय बोलतोय.

भिंगरीला एकदम वाटलं, गाडीत तिघं नाहीत, एकच माणूस बसलाय तीन वयांचा. बाबा म्हणाले, बाजूला घे.

मागचं दार उघडलं. गाडीची फरशी ओली, हवेला शेवाळ्याचा वास. झाकण काढलं तर आजोबा एका कुशीवर. वरचा डोळा आभाळाकडे, कल्ले हळूहळू हलतायत, जणू कुणीतरी झोपेत पंख्यानं वारा घालतंय. बाबांनी डावा हात पाण्यात घातला आणि त्याला खालून अलगद आधार देऊन सरळ धरला.

"मेला?" भिंगरीनं विचारलं.

"नाही अजून."

"तुम्ही चालवता तशीच चालवली मी."

"तेच तर." बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "तू मला फक्त येताना बघितलंस. जाताना मी असा नसतो. तुम्हाला कधी दाखवलंच नाही. माशांना जपलं, आणि पोरांना..." पुढचं वाक्य त्यांनी पाण्यात सोडून दिलं.

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेरा वर्षं तिला उष्टं वाढलं, असं वाटलं. भांडायचं होतं, कडकडून. पण आजोबांचा कल्ला एकदा उघडला, आणि दुसऱ्यांदा उघडायला फार वेळ लागला. मग ती एवढंच म्हणाली, जाताना कशी चालवायची ते सांगा.

बाबा मागंच बसले, उलट्या बादलीवर, हात पाण्यात. मधली सरकती खिडकी उघडी ठेवली. म्हणाले, रस्ता तू बघ, पाणी मी सांगतो.

गाडी निघाली. मागून आवाज येत राहिला, झोपलेल्या घरात बोलतात तसा. पाणी उजवीकडं चढलं. आता बसलं. पुढं सिग्नल असेल तर आत्तापासून पाय उचल. ब्रेक दाबायचा नाही, ब्रेकवर पाय नुसता ठेवायचा, मांजरानं ठेवल्यासारखा. भिंगरी ऐकत गेली. हळूहळू रस्ता मऊ झाला. ऊन काचेतून हिरवट येऊ लागलं. माणसं फुटपाथवरून तरंगत जात होती, एक छत्री, एक पोतं, एक बाळ. वळण आलं की अख्खं गाव एका बाजूला जरासं कलायचं आणि परत आपल्या जागी यायचं, कुठंही न सांडता. झाडं विरघळत नव्हती. एकेक झाड पानांसकट दिसत होतं, आणि भिंगरीला कळलं की या रस्त्यानं ती लहानपणापासून गेली, पण इथं झाडं कसली आहेत हे तिला माहीतच नव्हतं.

मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न. एकजण शेजारून घासून गेला, जाता जाता म्हणाला, गाडी चालवतेयस की वरात काढलीयस. जिभेवर तयार उत्तर होतं, धार लावलेलं. ढब्बू तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"ताई, त्याला काही म्हणणार नाहीस?"

"पाणी हलेल," भिंगरी म्हणाली.

ढब्बूनं विचार केला आणि स्वतःचंही तोंड मिटून घेतलं, गाल फुगवून, जणू तोंडातच मासा ठेवलाय.

पाऊण तासाच्या रस्त्याला दीड तास लागला. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या. नव्या टाकीत जुन्या टाकीतलं पाणी आधीच भरलेलं. बाबांनी एका हातानं आणि भिंगरीनं दोन हातांनी आजोबांना उतरवलं. ते तळाशी गेले, परत कुशीवर झाले. बाबा टाकीशी कपाळ टेकून बसले. अर्ध्या तासानं आजोबांनी शेपूट एकदा हलवलं, कललेले सरळ झाले, आणि कुणाकडेही न बघता दगडामागं जाऊन बसले. एक पर फाटला होता. बाबा म्हणाले, तो भरून येईल, हळूहळू. कुणाबद्दल म्हणाले कुणास ठाऊक.

परत निघेपर्यंत संध्याकाळ झाली होती. बाबा पुढं येऊन बसले. दोन सिग्नल त्यांनी सोसले. तिसऱ्याला एक टेंपो मधे घुसला, तशी त्यांची मान ताठ झाली, ओठ हलले. शब्द त्यांनी गिळला, पण बूड काही स्वस्थ बसेना.

"थोडी हाण की आता," ते म्हणाले. "रिकामी आहे गाडी."

"रिकामी कुठंय?" भिंगरी म्हणाली.

बाबांनी मधे बघितलं. ढब्बू पेंगत होता, तोंड उघडं, कपाळ ताईच्या दंडावर. बाबा खिडकीकडे वळले.

गिअर बदलायचा तर दंड हलणार, आणि दंड हलला की पोरगं जागं होणार. म्हणून भिंगरीनं गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. इंजिन कण्हत होतं. मागून लोक काय काय बोलत होते. दिवे लागत गेले, एकामागून एक, आणि ती त्यांच्याखालून पोहत पोहत घराकडे निघाली.