माझा धूर घरात का येई

मित्रांनो, लाकडं खाऊन ऊब देणारी मी एक जुनी भट्टी. कॅनडातल्या कॅल्गरीबाहेरच्या एका घराच्या बेसमेंटमध्ये मला बोल्टांनी जमिनीला जखडलं आहे. जगाशी माझा संबंध तो काय एका धुराड्यापुरता.

माझे पहिले मालक हिवाळ्याआधी धुराडं झाडून घेत, कोरडी लाकडं घालत. 'हिच्यासारखी हीच,' म्हणत. पुढे घर नागपूरच्या गुरुदत्त आणि सुहासिनीने घेतलं. मागोमाग गुरुदत्तचे वडील, प्रतापराव आले. बाहेर बर्फ, गुडघे दुखरे, मग जाणार कुठे? दिवसभर माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसत. दोघेही अडकलेले, त्यामुळे आमचं जमलं.

त्या हिवाळ्यात मी घरात धूर सोडू लागले. गुरुदत्त इंजिनियर. त्याने लाकडं बदलली, धुराडं साफ करून घेतलं, माझ्या दाराची फट बुजवणारी झिजलेली दोरीही बदलली. तरी अधूनमधून धूर येईच. मला कारण ठाऊक होतं. सांगायला तोंडही होतं, पण त्यात लाकडं कोंबलेली.

फोडणीचा वास कोटांना लागतो, ऑफिसात लाज वाटते, म्हणून सुहासिनी वर स्वयंपाकघरातला पंखा पूर्ण जोरात लावी. थंडीसाठी खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलेलं. पंखा घरातली हवा बाहेर फेकी आणि घर तेवढी हवा माझ्या धुराड्यातून ओढून घेई. माझा श्वास माझ्याच घशात परत.

"ही गेली कामातून," गुरुदत्त म्हणाला. "थंडी सरली की स्प्रिंगमध्ये काढून टाकू."

"म्हातारं कुरकुरलं की काढून टाकायचं होय रे?" प्रतापराव म्हणाले.

संक्रांतीला गुळपोळ्या झाल्या. तव्यावर गूळ जळला, पंखा घोंघावू लागला आणि खाली माझ्या दारातून धूर निघाला. विषारी वायूचा अलार्म होता हो, पण गुडघे शेकायच्या पॅडला प्लग हवा म्हणून गुरुदत्तने तो काढून ठेवलेला. प्रतापराव डोकं धरून बसले. मग त्यांची मान कलली. मला हाक मारता येईना, हलता येईना.

गुळपोळी घेऊन सुहासिनी खाली आली. तिने ताटली तिथेच टाकली.

"बाबा, उठा. मला धरा."

तिने त्यांना ओढत बाहेर मोकळ्या हवेत नेलं. गुरुदत्तने अँब्युलन्स बोलावली. बाबा वाचले.

ते घरी आल्यावर, धूर नेमका फोडणीच्या वेळी येतो हे आठवून सुहासिनीने मी थंड असताना पंखा लावला आणि माझ्या उघड्या दारापाशी उदबत्ती धरली. धूर खोलीत आला. तिने पंखा बंद करवला, तसा तो माझ्या पोटात शिरला.

"हिचा दोष नव्हता," ती गुरुदत्तला म्हणाली. "मीच हिचा गळा आवळत होते."

आता ती पंख्याआधी प्लास्टिक काढलेली खिडकी उघडते. अलार्म जागेवर आहे. गार वारं लागतं म्हणून प्रतापराव स्वेटरवर स्वेटर घालून कुरकुरतात.

मित्रांनो, कोरडी लाकडं द्या, धुराडं झाडा, हे सगळेच सांगतात. मी एवढंच मागते, की मला श्वास घेऊ द्या. या तळघरात जन्म काढायला माझी ना नाही. पण माझ्या उबेला येऊन बसलेल्या माणसाचा जीव माझ्या हातून जाऊ देऊ नका.