नटावरची लाल रेघ

आमच्या घरात लाल नेलपॉलिशच्या बाटल्यांवर बाटल्या संपायच्या आणि माझी नखं मात्र जन्मभर कोरडी. दुकानदारीण हसायची, म्हणायची, "हौशी आहात हं काकू!" हौशी कसली, डोंबल! बाटली राहायची ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी.

हे कारखान्यात यंत्रांचे नटबोल्ट आवळायच्या कामावर होते. तिथली पद्धत अशी की नट आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी सैल पडून फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. ज्यानं आवळलं त्यानंच रेघ ओढायची, आणि एकदा रेघ आली की दुसऱ्यानं त्या नटाला हात लावायचा नाही. नोकरी संपली, पण ही पद्धत काही संपली नाही. ती आमच्या ठेंगणीवर येऊन बसली.

ठेंगणी म्हणजे आमची गाडी. लहानशी, बुटकी, मागच्या सीटवर तिघं बसले तर चौथ्याने श्वास रोखायचा. लेक शाळेत जायला लागली तेव्हा घेतलेली. तेव्हापासून तिचं तेल, प्लग, ब्रेक, पट्टे, सगळं ह्यांनीच घराच्या दारात केलं. सुट्टीच्या दिवशी पाहुणे आले की त्यांना आधी गाडीखालून बाहेर आलेले ह्यांचे पाय दिसायचे. मी पायांकडे बोट दाखवून सांगायची, "हे आमचे. उरलेले जेवायला येतील."

लेक मोठी झाली, आणि तिनं एकच टुमणं लावलं. "बाबा, भंगारात द्या ती."

"तुझ्यापेक्षा कमी आजारी पडते," हे म्हणायचे.

मग हळूहळू ह्यांचं विसरणं सुरू झालं. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. नळ तसाच चालू. आम्ही हसण्यावारी नेलं. वय झालं, दुसरं काय?

एका सकाळी ह्यांनी पुढचं चाक काढून परत बसवलं आणि आंघोळीला गेले. चहाचा कप तिथेच जमिनीवर ठेवला होता, नेहमीप्रमाणे. माझ्या नशिबी कप गोळा करणं! मी वाकले, कप उचलला, आणि गुडघ्याने दगा दिला म्हणून उठताना चाकाला हात टेकला. तर हाताखाली नट फिरला. पान्याशिवाय, नुसत्या तळव्याने. रेघ अजून ओली होती, माझ्या बोटांना लाल लागलं.

मी दुसरा नट बघितला. तिसरा, चौथा. सगळे तसेच, आणि प्रत्येकावर रेघ. ह्या माणसाने उभ्या आयुष्यात एक नट सैल सोडला नव्हता, आणि सोडलेल्यावर रेघ तर कधीच ओढली नव्हती. चष्मा हरवणं वेगळं आणि हे वेगळं.

बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? तुम्ही आता कामाचे राहिला नाहीत, असं? मी पाना घेतला. हाताने जोर पुरेना तेव्हा पान्यावर चक्क उभी राहिले, ह्या वयात! नट आवळले, रेघा तुटल्या. मग कापसावर रिमूव्हर घेऊन त्या पुसल्या आणि नवीन ओढल्या. ह्यांची रेघ हल्ली गांडुळासारखी वळवळत जायची. माझी सरळ आली.

हे आंघोळ करून बाहेर आले आणि चाकाशी वाकून बराच वेळ बघत राहिले.

"काय बघताय?"

"काही नाही. रेघ बघतोय."

एवढंच बोलले आणि माझ्या हातातला कप घेऊन आत गेले. मला वाटलं, सुटले बाई.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. हे गाडीचं काहीतरी काढायचे, बसवायचे, रेघ ओढायचे, आणि पाने पेटीत न ठेवता तसेच बाहेर सोडून आत जायचे. जाताना मोठ्याने सांगायचे, "मी जरा पडतो गं." पूर्वी दुपारी आडवं होणाऱ्या माणसाला हे आळशी म्हणत. मग मी पाना घेऊन बसायची. चाकांचे नट मला कळतात, फार तर बॅटरीचे. बाकी गाडीच्या पोटात काय असतं ते मला काय ठाऊक! पण चाकं तर नीट आहेत ना, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालायची. लेकीला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. कळलं असतं तर तिनं दुसऱ्याच दिवशी ठेंगणी हलवली असती, आणि ठेंगणी गेली की ह्यांनी सकाळी उठायचं कशासाठी?

आणि मग लेकीची बदली झाली, डोंगरातल्या गावी. सामान, गाद्या, भांडी आणि आमची नात. नात म्हणजे भिंगरी, एका जागी बसेल तर शपथ. लेकीने फोन केला. "बाबा, ठेंगणी नेऊ का? तिकडे बाकी काही सोय नाही."

ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं. फोन ठेवला आणि लगेच पेटी उघडली. "डोंगर म्हणजे उतार. उतार म्हणजे ब्रेक. नवीन पॅड घालतो." स्वतः दुकानात जाऊन ब्रेकची पॅड आणली, मला दाखवली, तळहाताएवढ्या काळ्या पट्ट्या. "ही चाकाला आतून चिमटा काढतात, तेव्हा गाडी थांबते," असं लहान मुलीला सांगावं तसं मला सांगितलं. मग रोज चाकं काढणं आणि बसवणं. काय तो उत्साह! मी त्यांच्या मागोमाग सगळे नट आवळले, अगदी हात सुजेपर्यंत. देवा, एवढं एक पार पडू दे, मग मी स्वतःच गाडी विकायचं काढते, असं म्हणत होते.

जायच्या दिवशी लेक आली. सामान भरलं, वर दोरी बांधली. भिंगरी मागच्या सीटवर उड्या मारत होती. हे गाडीभोवती फिरून लेकीला एकेक रेघ दाखवत होते. "ही बघ. ही बघ. डोळे मिटून चालव." लेक हसत होती आणि मान डोलवत होती. भंगार म्हणणारी पोर, आज बापाचं कौतुक करत होती.

भिंगरीच्या दुधात साखर ढवळायला चमचा हवा होता. मी स्वयंपाकघरातला खण ओढला, तर तो अडकला. आत हात घालून चाचपलं. खणाच्या मागच्या बाजूला वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. सोडवलं, तर तीच पॅड. कोरी.

चमचा तिथेच राहिला. मी कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. लेकीने किल्ली फिरवलेली होती.

"उतर," मी म्हटलं. "गाडी न्यायची नाही."

"आई, काय झालं?"

"काय झालं काय?" हे रागावले. "सगळं तपासलंय मी. रेघा बघ ना!"

मी पॅड बॉनेटवर ठेवली. ह्यांनी ती उचलली, उलटीसुलटी केली, आणि चाकाकडे बघितलं, मग परत हातातल्या पॅडकडे. "पण मी घातली," म्हणाले. "घातली की मी."

लेकीने नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने चाक उतरवलं. आत जुनीच पॅड होती, झिजून लोखंड उघडं पडलेली. त्याने फक्त भिंगरीकडे एकदा बघितलं आणि चाक परत लावून निघून गेला.

लेक रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बापाच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे बाबा. आम्ही बसने जातो, सामान मागाहून नेऊ." आणि गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. "आता हिला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे. मी माणूस पाठवते, तो घेऊन जाईल." भिंगरी मात्र रडून रडून लाल झाली, तिला ठेंगणीतूनच जायचं होतं.

त्या गेल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो. मला वाटलं, आता माझ्यावर भडकतील. चारचौघांत शोभा केलीस म्हणतील. मीही तयार होते, मला भांडण हवंच होतं.

"चाकांवरच्या रेघा तुझ्या ना?" ह्यांनी विचारलं.

मी बोटाला लागलेला लाल रंग खरवडत राहिले.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. माझी रेघ सरळ येत नाही आता. बरं वाटलं तेव्हा. म्हटलं, माझं चुकलं तरी ही मागे बघतेय." मग म्हणाले, "मला वाटलं, ब्रेकही बघितले असशील."

"अहो, मला ब्रेकमधलं काय कळतं?" मी ओरडलेच. "मला काय कळतं हो त्यातलं!"

"हो गं," ते म्हणाले. "तुला कसं कळणार."

म्हणजे मी झाकत राहिले, ते माझ्या भरवशावर राहिले, आणि मधल्या मध्ये लेक आणि नात उतारावर गेल्या असत्या. हे सगळं त्यांना त्या दिवशी लख्ख कळत होतं. विसरायला झालं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. नेमकं तेवढंच ते विसरले नाहीत.

माणूस आला आणि ठेंगणी ओढून घेऊन गेला. दारात तेलाचा डाग राहिला. हे बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी भाजी चिरत होते. हे आंघोळ करून, शर्ट घालून स्वयंपाकघरात आले आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले. हातात नेलपॉलिशची बाटली होती. मला वाटलं, बाटली परत करायला आलेत.

"बघून घे," ते म्हणाले. "आणि बरोबर असेल तर रेघ ओढ."

मला आधी कळेचना. मग त्यांनी शर्टाच्या गुंड्यांकडे बोट केलं.

थट्टा करत नव्हते. मी हात पुसले आणि वरपासून गुंड्या बघत आले. मधली एक चुकली होती, त्यामुळे खालच्या सगळ्या चुकल्या होत्या. मी त्या काढून परत लावल्या. मग बाटली उघडली आणि प्रत्येक गुंडीवरून शर्टावर एकेक रेघ ओढली. रेघा वाळेपर्यंत ते हलले नाहीत.