आतलं वडगाव

मुरबाडच्या एसटी स्टँडवरून शांतवन शिनगारेने जितकी माणसं गावाला धाडली, तितकी दुसऱ्या कुणी धाडली नसतील. वाहतूक नियंत्रकाच्या जाळीच्या खिडकीमागे बसून बावीस वर्षं त्याने हेच केलं. जानेवारीत म्हशाच्या जत्रेच्या जादा गाड्या, शिमग्याला पाड्यावर परतणारी वीटभट्टीची माणसं, मे महिन्यात लग्नाची वऱ्हाडं. भाद्रपदात गणपती मांडीवर घेऊन बसलेले गृहस्थ, आणि त्या गणपतीचं तिकीट काढायचं की नाही यावर त्यांच्याशी हुज्जत घालणारे कंडक्टर. वर्षभर सगळा तालुका कुठे ना कुठे निघालेला असायचा आणि शांतवन माईकवरून सांगायचा, की गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे.

स्वतः तो कुठे जात नसे. सणाच्या दिवशी ड्युटी कोण करणार, असा प्रश्न निघाला की सगळे त्याच्याकडे बघत. "सायबांना काय, त्यांचा सण नाय!" हे इतक्या प्रेमाने म्हटलं जाई, की नाही म्हणायची सोयच नव्हती. मग पाडव्याला शांतवन, नागपंचमीला शांतवन, लक्ष्मीपूजनाला शेवटची गाडी सुटेपर्यंत शांतवनच. गुड फ्रायडेला लोक माळशेजला सहलीला निघत आणि जाता जाता खिडकीत डोकावून म्हणत, "हॅपी गुड फ्रायडे, सायेब!" त्या दिवशी काय घडलं होतं, हे पहिल्या वर्षी त्याने एकाला नीट समजावून सांगितलं. तो बिचारा इतका ओशाळला की त्याची सहल बिघडली. तेव्हापासून शांतवन नुसतं "सेम टू यू" म्हणतो.

या सगळ्याची भरपाई म्हणून नाताळाला त्याला तीन दिवस सुट्टी मिळे, न मागता. आणि सुट्टी म्हटली की गाव आलंच. खरी पंचाईत इथेच होती, कारण शांतवनला गावच नव्हतं.

त्याचे वडील मिशनच्या शाळांमधून पहारेकरी होते. आज या बोर्डिंगात, उद्या त्या बोर्डिंगात. शांतवनचं बालपण सहा ठिकाणच्या क्वार्टरात गेलं. वडील एका कबरस्तानात, आई दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्याच कबरस्तानात. लग्न जमता जमता राहिलं ते राहिलंच. पण हे सगळं स्टँडवर नवीन आलेल्या माणसाने कुणाला सांगावं? पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, "सायेब, गाव कुठलं तुमचं?" आणि ज्याला गाव नाही, तो माणूस कसला, अशा सुरात विचारलं. शांतवनच्या तोंडून निघून गेलं, "वडगाव."

नाव मोठं सोयीचं होतं. दर दहा कोसांवर एक वडगाव असतं. कुठलं वडगाव, असं ड्रायव्हर गोजरने विचारलं, तेव्हा शांतवन म्हणाला, "घाटावरचं. ते आतलं." आतलं म्हटल्यावर एसटीचा माणूस पुढे विचारत नाही. गाडी जात नाही ते गाव त्याच्या लेखी आतलं, आणि तिथलं तिथल्या लोकांनी बघावं.

तर दर चोवीस डिसेंबरला सगळं स्टँड त्याला माळशेजकडच्या गाडीत बसवून द्यायचं. कुणी पेरू द्यायचं, कुणी पापड. कमळाबाई, जिची स्टँडवर चहाभज्यांची टपरी होती, ती खिडकीतून डबा आत सारायची. शांतवन हात हलवत निघायचा, टोकावड्याला उतरायचा, डोक्याला मफलर गुंडाळून आडरस्त्याने शहापूर गाठायचा, तिथून कसारा, आणि कसाऱ्याहून काळीपिवळीने नाशिक. नाशकात एका लॉजमध्ये दोन रात्री, मोठ्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून उपासना, आणि परत. येताना बेकरीतला केक आणायचा आणि सांगायचा, गावच्या भट्टीतला. नाताळाच्या गोष्टीतही माणसं आपल्या मूळ गावीच निघालेली असतात, हे पाद्रीसाहेब दरवर्षी सांगत. शांतवनला दरवर्षी तेवढ्यापुरतं वाटायचं, त्या बाळाच्या आईबापांना धर्मशाळेत जागा मिळाली नाही हे खरं, पण गाव तरी होतं.

खोट्याला एकदा पाय फुटले की ते एकटं राहत नाही. वडगावला आधी एक चिंच आली, मग विहीर, मग चुलता. चुलता आला कमळाबाईमुळे. सहा वर्षांपूर्वी तिने विचारलं, "तिकडं तुमचं कोण हाय?" आणि कुणीच नाही म्हणायला शांतवनची जीभ रेटेना. तो म्हणाला, "चुलता आहे. म्हातारा. गुडघे धरलेत बिचाऱ्याचे."

झालं. कमळाबाईला दुसऱ्याचं दुखणं म्हणजे आपल्याच घरचं. तिने डोळखांबकडच्या, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या जनीकडून गुडघ्याचं तेल मागवलं. दर दोन-तीन महिन्यांनी एक बाटली शांतवनच्या हातात ठेवायची आणि बजावायची, "पाठवून द्या वडगावला. गरम करून चोळायचं, सांगा." तेल टाकून देणं पाप, म्हणून शांतवन ते स्वतःच्या गुडघ्यांना चोळायचा. तालुक्यात त्याच्याएवढे धडधाकट गुडघे कुणाचे नसतील.

पण मनाला ते खात होतं. म्हणून या दिवाळीत त्याने चुलत्याचा विषय मिटवायचं ठरवलं. मारून टाकणं सगळ्यात सोपं होतं. पण चुलता मेला तर कमळाबाई दहाव्याला आल्याशिवाय राहणार नाही, आणि शिवाय, सहा वर्षांत शांतवनला त्या म्हाताऱ्याचा थोडा लळाही लागला होता. म्हणून त्याने त्याला बरं केलं. "काय सांगू, कमळाबाई, चुलता चालायला लागला. परवा काठी न घेता चर्चला गेला."

कमळाबाईने झारा कढईत ठेवला आणि दोन्ही हात जोडले. "पावला गो म्हसोबा!" ती म्हणाली. "नवस बोललेय मी, सायेब. म्हातारा चालायला लागला, तर त्याला म्हशाला घेऊन येईन, त्याच्या पायानं चालवत देवासमोर उभा करीन. यंदा जत्रा लवकर हाय, जानेवारीच्या सुरवातीलाच."

शांतवन घाईघाईने म्हणाला, "अहो, लांबचा प्रवास, म्हातारा माणूस…"

"म्हणून तर आमी आणायला येणार. देवाच्या कामाचं बोलावणं फोनवर करत नाय. नाताळाला तुमी जाताच हाव. आमी बी येतो."

आमी म्हणजे ती आणि गोजर. गोजरच्या मेव्हण्याची जीप होती. ज्या माणसाने बावीस दिवाळ्या आपल्यासाठी खिडकीत काढल्या, त्याचा सण एकदा बघून यायला नको का, असं गोजरचं म्हणणं होतं. "आणि मे महिन्यात रिटायर होऊन तुमी जाणारच वडगावला," तो म्हणाला. "रस्ता बघून ठेवलेला बरा. सामान आमीच सोडू."

त्या दिवसापासून शांतवनची झोप उडाली. निवृत्तीनंतर आपण कुठे जाणार, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. भाड्याची खोली, टपरीचा चहा, खिडकीत डोकावणारी माणसं, एवढंच काय ते त्याचं होतं. आता ही थाप फुटली की तेही जाणार. खोटारड्याला कोण जवळ करतं? त्याने सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. घाटात दरड आली म्हणाला. गोजरने जागच्या जागी ओतूरच्या नियंत्रकाला फोन लावला आणि कळवलं, रस्ता साफ आहे. वडगावात कांजण्यांची साथ आहे म्हणाला. कमळाबाई म्हणाली, मला लहानपणीच येऊन गेल्यात.

जीप चोवीसला मोकळी नव्हती, म्हणून यंदा पंचवीस डिसेंबरला सकाळी सातला ती त्याच्या दारात उभी राहिली. मागच्या सीटवर कमळाबाई नवं लुगडं नेसून बसली होती. मांडीवर करंज्यांचा डबा, शेजारी चुलत्यासाठी घेतलेलं लोकरीचं कांबळं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच शांतवनचं चर्च चुकलं होतं, आणि तेही कशासाठी, तर आपलीच अब्रू जाताना बघण्यासाठी.

टोकावड्याच्या आत सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. टोकावडं गेलं. मग घाटाच्या पायथ्याशी सांगायचं ठरवलं. तिथे कमळाबाईने त्याला करंजी दिली, आणि तोंडात करंजी असताना असली गोष्ट कशी सांगणार? घाटात तर गोजरला वळणं सांभाळायची होती. शेवटी घाटमाथ्यावर गोजरने चहासाठी गाडी थांबवली आणि सहज विचारलं, "सायेब, पुढं आळेफाट्याला कुठं वळायचं? वडगावं तिकडं चार हायत."

शांतवनने पेला खाली ठेवला. 

"कुठेच वळायचं नाही," तो म्हणाला. "वडगाव नाहीच. म्हणजे आहेत, पण माझं एकही नाही. मला गाव नाही, गोजर. चुलताही नाही. कुणीच नाही. मी दरवर्षी टोकावड्याला उतरतो आणि नाशकात लॉजवर राहतो."

गोजरच्या तोंडाचा आ झाला. बावीस वर्षं आपण या माणसाला गाडीत बसवून देत होतो, याचा हिशेब त्याला लागेना. कमळाबाईने करंज्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग एकदम म्हणाली, "आन् तेल?"

"मी लावलं. गुडघ्यांना."

"आरे देवा!" ती ओरडली, आणि तिथून तिने जो तोंडाचा पट्टा सोडला, तो चहावाला घासलेट संपल्याचं निमित्त करून दूर जाऊन उभा राहीपर्यंत. भोळी म्हणून बनवलंत का मला? देवाला नवस बोलायला लावलात, तोही नसलेल्या माणसाचा? सहा वर्षं दर पुनवेला त्याचं नाव घेतलं मी, नाव ठाऊक नव्हतं म्हणून 'सायबाचा चुलता' असं घेतलं! शांतवन मान खाली घालून ऐकत होता. शेवटी तिचा आवाज बसला, आणि ती हळू म्हणाली, "माझा म्हातारा गेल्यापासनं मला काळजी करायला तेवढाच एक होता वो. आता कुणाची करू?"

 शांतवनला मनापासून रडू आलं, आणि तो रडला. पन्नाशी उलटलेला माणूस, घाटमाथ्यावर, हातात अर्धी करंजी घेऊन.

गोजरने खिशातून जीपची किल्ली काढली. "मग गाडी कुठं घेऊ?"

"म्हशाला घे," कमळाबाई म्हणाली.

"जत्रेला वेळ हाय अजून."

"ठाऊक हाय मला! देवाला सांगायला नको का, माणूस नाय म्हणून? तो वाट बघत बसंल."

 म्हशाला पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. माळावर अजून जत्रेच्या बाजाराला येणाऱ्या जनावरांचा पत्ता नव्हता. दोन-चार पालं ठोकायचं काम चाललं होतं आणि देवळाच्या आवारात पाच-सहा माणसं होती. शांतवन पायरीपाशी थांबला. आत जावं की नाही, हा त्याचा आणि त्याच्या पाद्रीसाहेबांचा प्रश्न होता, आणि आज आणखी एक भानगड नको होती.

कमळाबाई आत गेली आणि तिने घंटा वाजवली. तिला देवाशी मनात बोलायची सवय नव्हती. बाहेर शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"देवा, तो म्हातारा नव्हताच. मी तुला फशिवलं नाय, मलाच ठाऊक नव्हतं. नवस कसा फेडायचा तो तू सांग, मी फेडीन. पण ह्या सायबाकडं बघ जरा. बावीस वर्षं सगळ्यांना घरी पोचवलं यानं, आन् ह्याला घर नाय. मे महिन्यात ह्याची नोकरी संपते. ह्याला कुठं जाऊ देऊ नको. माझी पडवी मोकळी हाय. हितंच राहू दे ह्याला, आमच्यात."

कुणी आपल्यासाठी असं मागितल्याचं शांतवनला आठवत नव्हतं. त्याने डोळे मिटले होते. प्रार्थना संपल्यावर जे म्हणायचं, ते जन्मभराच्या सवयीने त्याच्या तोंडून आपोआप निघालं.

"आमेन."

आवारातली माणसं वळून बघायला लागली. गोजरने कपाळाला हात लावला. आतून कमळाबाईचा आवाज आला, "काय बोललात?"

शांतवन चाचरला. "काही नाही… आमच्यात म्हणतात तसं. जे मागितलं ते होवो, असा अर्थ."



"मग पुटपुटता काय?" कमळाबाई कडाडली. "मोठ्यानं बोला! आतपर्यंत ऐकू यायला पायजे."

शांतवनने चपला पायरीशी काढल्या, छाती भरून श्वास घेतला, आणि गाडी सुटल्याची घोषणा करायच्या त्या खणखणीत आवाजात, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमेन!"