दुसऱ्या तापाची वाट

...रेघ सापडेना. काचेची नळी खिडकीकडे धरून नागवेणी ती बोटांत जरा इकडे, जरा तिकडे फिरवत होती. काळे आकडे दिसत होते, पारा मात्र कुठे दडून बसला होता कोण जाणे. मग एकाएकी तो दिसला, बारीक चांदीच्या तारेसारखा, शंभराच्या खुणेला टेकलेला. सकाळी तर अठ्ठ्याण्णवच्या आतबाहेर होता. आता ऐन दुपारी, पेज पिऊन, दोन शब्द बोलून, कूस बदलून पडलेल्या माणसाला शंभर... तिने नळी पुन्हा फिरवली. पुन्हा शंभरच.

पलंगावर तिचा नवरा सुब्राय डोळे मिटून पडला होता. चेहरा लाल, कानशिलावर घाम, आणि चादरीवरची बोटं बारीक थरथरत होती. निदान तिला तरी तसं वाटलं. गावातली आशा कार्यकर्ती गिरिजा उंबऱ्याशी बसून समजावून गेली होती — माकडताप एकदा उतरतो अक्का, माणूस उठून बसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि तिसऱ्या आठवड्यात काहीजणांना तो परत गाठतो, तेव्हा डोक्यात शिरतो. सगळ्यांना नाही हं. या 'सगळ्यांना नाही'वर नागवेणी इतके दिवस जगत होती. ते शब्द तिने पाणी शेंदताना म्हटले होते, सुपारीच्या झाडांना पाट फोडताना म्हटले होते, आणि तिसरा आठवडा उजाडला तेव्हा तिला कळलं, की 'काहीजणांना' हे शब्द तिने एकदाही म्हटले नव्हते.

नळी पुसायला तिने पदर घेतला आणि नळीच्या टोकावरचा रंग दिसला. लाल.

हिरड्यांतून रक्त आलं तर थांबू नका, तेही गिरिजाने सांगितलं होतं. सांगताना ती दुसरीकडे बघत होती... वरच्या आळीतल्या एका बाईचं तसंच झालं होतं. तीही पाला गोळा करायलाच गेली होती जंगलात. बागेला पाला लागतो, पाल्यात तापाची गोचीड असते, सगळ्यांना ठाऊक. तरी कुणी घरी बसतं का? यांनी तर मेलेलं माकडही पाहिलं होतं, आणि जेवताना सांगितलं होतं, वाटेत कुणाची चप्पल पडलेली दिसली असं सांगावं तसं. मी म्हटलं होतं, बरं, भात वाढू? आणखी काय म्हणणार होते मी?

तिचं डोकं भलत्याच वेगाने पुढे पळालं — बाग खंडाने देऊन झाली, गाय पुतण्याकडे गेली, ती बंगळूरला मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खिडकीशी बसली आहे, तिथे बोलायला कुणी नाही... हे सगळं तिने इतक्यात कधी ठरवलं? पहिल्या तापातच ठरवून ठेवलं होतं की काय? तिला स्वतःची शरम वाटली.

"अहो," ती म्हणाली, अगदी हळू, या दिवसांत लागलेल्या त्या मऊ आवाजात, "शेजारच्या मंजप्पाला जीप काढायला सांगते. दवाखान्यात जाऊन येऊ. घाबरू नका."

सुब्रायने डोळे उघडले. "जीप कशाला?"

"शंभर आहे. आणि तोंडातून रक्त येतंय जरासं."

त्याचा गाल हलला, काहीतरी डावीकडून उजवीकडे गेलं.

"रक्त नाही गं ते. विडा आहे."

विडा. जिभेखाली नळी आणि गालात विडा. इतके दिवस ज्याला पानाचा वासही सोसत नव्हता तो ती गोठ्यात गेलेली पाहून उठला होता, भिंत धरत पानाच्या तबकापर्यंत गेला होता, आणि सुपारी घातली होती ती ओली. मग लागली सुपारी. त्या सवय मोडलेल्या जिवाला ती लागणारच होती. कान तापले, घाम फुटला, हात कापायला लागले. जन्म सुपारीच्या घरात गेला आणि विड्याचा लाल तिला ओळखता आला नाही. भीतीने माणूस आंधळा होतो तो असा.

"लाज नाही वाटत?" ती म्हणाली. "मी इथे जिवाचं रान करतेय आणि तुम्ही चोरून पान खाताय? थुंका आधी. आत्ता थुंका. चुळा भरा. पाचावर धारण बसवली माझी."

तो निमूट थुंकला, चुळा भरल्या. अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं सांगून ती पलंगाजवळ राखण बसली. मग पारा झटकला, नळी जिभेखाली ठेवली, त्याचे ओठ बोटांनी मिटून धरले. अठ्ठ्याण्णव आणि वर दोन बारक्या रेघा. तिने खिडकीशी नेऊन पाहिलं, दारात नेऊन पाहिलं. मग न्हाणीघरात जाऊन चुलीपाशी बसली आणि पोटभर रडली. किती हलकं वाटत होतं. अंगावरचा भारा कुणीतरी मागून उचलून घ्यावा तसं.

परत आली तेव्हा तो उशीला टेकून बसला होता.

"तू ओरडलीस ना," तो म्हणाला, "तेव्हा बरं वाटलं. इतके दिवस गोड बोलत होतीस. मला वाटलं, डॉक्टरांनी तुला काहीतरी सांगितलंय आणि तू ते लपवतेयस."

म्हणजे ती नळी घेऊन त्याचा ताप बघत होती, आणि तो पडल्या पडल्या तिचा आवाज ऐकत होता... पाणी देऊ का, उशी सारखी करू का, असं तिने विचारलं की हा मनात मरणाकडे एकेक पायरी खाली उतरत असणार. तीस वर्षांत कधी विचारलं होतं असं? आणि ती समजत होती, मी त्याला धीर देतेय.

तिसरा आठवडा अजून सरायचा होता. संध्याकाळी पुन्हा पारा बघायचा होता, उद्याही. आता झोपा थोडं, असं तिच्या ओठांवर आलं, पण ते फार मऊ येत होतं, म्हणून तिने गिळलं. काहीतरी खडसावून बोलायला हवं होतं त्याच्याशी, नेहमीसारखं. तिने दोनदा तोंड उघडलं. पण आनंद असा दाटून आला होता, की रागावायला आवाजच तयार होईना.