सापाच्या जागी

कॉलेजातल्या पोरांनी तिला हाडमावशी म्हणायला सुरुवात केली तेव्हा ती चाळिशीत होती. आता साठी उलटून तीन वर्षं झाली तरी तेच नाव चालू होतं, आणि तिला त्याचा राग नव्हता. काम हाडांचंच होतं. प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या लांबट खोलीत मेलेला प्राणी यायचा आणि तिच्या हातून सांगाडा होऊन पुढच्या दालनातल्या काचेच्या कपाटात जायचा. कपाटं पाच: मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी, सस्तन. पाठीचा कणा असलेलं जगातलं सगळं त्या पाचांत बसवलेलं.

अक्षरं ती बावन्नाव्या वर्षी शिकली, तीही कपाटांवरच्या पाट्या वाचत वाचत. प्राणी मात्र तिला त्याच्या कितीतरी आधी हाताने कळत होते. माशाचे काटे सुयांसारखे सुटतात आणि मान शोधून सापडत नाही. पक्ष्याचं हाड हातात घेतलं की घेतल्यासारखं वाटतच नाही, इतकं पोकळ. उंदीर असो की उंट, आईच्या दुधावर वाढलेल्याच्या मानेत मणके सात. आणि सगळ्यांत भरवशाची खूण कवटीच्या मागे, डोकं कण्यावर टेकतं तिथं. सरपटणाऱ्यांना आणि पक्ष्यांना तिथं एकच गाठ. बेडकाला दोन, माणसालाही दोन.

"या बाबतीत तुम्ही आणि बेडूक भाऊभाऊ," असं ती नव्या पोरांना सांगायची. मग एखादा हळूच हात मागे नेऊन स्वतःची मान चाचपायचाच.

त्या वर्षी तपासणी समिती यायची होती. समितीच्या कागदावर साफ लिहिलेलं होतं, की प्रत्येक कपाटात किमान चार सांगाडे हवेत. चार कपाटं भरलेली होती. सरपटणाऱ्यांच्या कपाटात कासव, पाल आणि मगरीचं पिल्लू होतं. चौथी फळी रिकामी होती, कारण तिथं साप यायचा होता आणि सापाचं मावशीनं वाटोळं केलं होतं.

झालं असं, की सापाच्या बरगड्या फार नाजूक. त्या उकळून चालत नाही. म्हणून मावशी साप एका पत्र्याच्या डब्यात केसाळ अळ्यांच्या स्वाधीन करायची. अळ्या मांस खाऊन हाडं लख्ख करतात. फक्त रोज झाकण उघडून बघावं लागतं. मांस संपलं की त्याच दिवशी साप बाहेर काढायचा, नाहीतर अळ्या सांधे धरून ठेवणारे दोरे खायला लागतात. तेवढ्यात धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मावशी आठ दिवस दवाखान्यात बसली आणि डबा उघडायला कुणाला सांगायचं विसरली. परत येऊन झाकण काढलं तर पुरुषभर लांबीच्या सापाच्या जागी वाकड्या टाचण्यांसारखा ढीग. चारशे बरगड्या, सगळ्या सुट्या. बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिनं झाकण लावलं आणि तशीच उठून विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. ते तेव्हा काही बोलले नाहीत.

बोलले ते समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळी. मावशीच्या टेबलावर एक नवा सांगाडा वाळत होता. हातभर लांब, पाय नाहीत, नुसती मणक्यांची माळ. बागेतल्या ओल्या मातीत सापडलेलं देवगांडूळ, नावाला गांडूळ पण हाडं असलेलं.

"वा, मावशी! झकास झालाय," सर म्हणाले. "हा चौथ्या फळीवर ठेवा. साप म्हणून."

मावशीला वाटलं सर गंमत करतायत. ती हसली. सर हसले नाहीत.

"सर, हा साप नाही. बेडकाचा भाऊबंद आहे. उभयचर."

"मावशी, मी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट केलीय."

"मग तुम्हाला तर माझ्याआधी दिसायला पाहिजे होतं."

"दिसतंय हो मला!" सरांनी आवाज खाली आणला. "समितीला दिसणार नाही. काचेतून लांब, बिनपायाचं काहीतरी दिसेल. साप म्हटलं की साप. उभयचरांचे चार आपल्याकडे आहेतच, हे पाचवं तिथं काय करायचंय? आणि तो डब्यातला ढीग कुणामुळे झाला, हे मी कुठं बोललोय का? तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे. समिती खूश, मी खूश, तुम्हाला आणखी दोन वर्षं. कुणाचं काय बिघडतंय?"

ते बोलता बोलता एक छापील चिठ्ठी टेबलावर ठेवून गेले. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत होतं: साप.

मावशी ती चिठ्ठी घेऊनच घरी गेली. घर म्हणजे दोन खोल्या, त्यात ती आणि डोळ्याला हिरवी पट्टी लावलेली धाकटी. धाकटीला नवरा नव्हता, पगार नव्हता. जीभ मात्र दोघींच्या वाट्याची तिच्या एकटीकडे होती.

"ठेव की साप म्हणून," सगळं ऐकून ती म्हणाली. "मेलेल्याला काय कळतंय आपण कोण ते?"

"पोरांना कळलं पाहिजे ना. ती तिथं वही घेऊन उभी राहतात. काचेत दिसेल ते काढतात."

"तुझी पोरं! दोन वर्षांनी तुझं नावही आठवणार नाही त्यांना. आणि ताई, खरं सांग. चूक तुझी झालीय. सर झाकतायत. तू उलटी त्यांच्यावरच डोळे वटारतेस?"

हे मात्र वर्मी लागलं. मावशी थाळी घासायला उठली. तिला स्वतःचा राग आला होता. सरांसमोर तिचं तोंड चाललं होतं, पण त्या डब्याचा विषय निघाल्याबरोबर ती गप्प झाली होती आणि चिठ्ठी मुकाट्यानं पिशवीत टाकून आली होती. म्हणजे सरांनी बरोबर नस पकडली होती. जोवर तो डबा झाकलेला होता, तोवर ते तिला हवं तसं वाकवू शकत होते. आज गांडुळाचा साप. उद्या काय, वटवाघळाचा पक्षी?

"धाकटे," ती नळाखाली हात धरून म्हणाली, "मुदतवाढ नाही मिळाली तर आपलं भागेल?"

"नाही भागणार," धाकटी म्हणाली. मग डोळ्यावरची पट्टी नीट करत, "ओढून ताणून भागेल. पण मी तुला आयुष्यभर ऐकवीन, सांगून ठेवते."

"ते तू तसंही ऐकवतेसच."

सकाळी समितीच्या आधी दोन तास मावशी दालनात हजर होती. तिनं देवगांडूळ उभयचरांच्या कपाटात बेडकांशेजारी ठेवलं. मग डब्यातला ढीग एका पांढऱ्या ताटात ओतला, वर सापाची कवटी ठेवली आणि ते ताट चौथ्या फळीवर सरकवलं. छापील चिठ्ठी उलटी करून तिच्या कोऱ्या पाठीवर लिहायला बसली. सही सोडली तर लोकांनी वाचावं असं तिनं आजवर काही लिहिलं नव्हतं. पेन इतकं दाबून धरलं, की बोटाला खळगा पडला. तीन ओळींना पाऊण तास लागला.

समितीत तिघं होते. दोघांचं लक्ष भिंतीतल्या ओलीकडे आणि आग विझवायच्या नळकांड्याकडे होतं. तिसऱ्या बाई वयस्क, जाड चष्म्याच्या. त्या प्रत्येक कपाटासमोर थांबत होत्या. चौथ्या फळीसमोर त्या वाकल्या आणि मोठ्यानं वाचायला लागल्या:

"साप. हा मी डब्यात आठ दिवस जास्त ठेवला म्हणून बरगड्या सुटल्या. चूक माझी."

बाईंनी मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो घेतला; मागे उभ्या सरांचा काचेतला चुन्यासारखा चेहराही त्यात आला. "ते... ते काढायचं राहिलंय, मॅडम. आमच्या मावशी जरा..."

"माझ्याच हातचं आहे," मावशी म्हणाली. "चुकून राहिलं नाही. मी ठेवलंय."

"असा ढीग कशाला ठेवायचा काचेत?" आग विझवायचं नळकांडं तपासणारे गृहस्थ म्हणाले. "रिकामी फळी बरी."

"रिकाम्या फळीवर कुणीही काहीही ठेवतं, साहेब."

बाईंनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं, मग मावशीकडे. "म्हणजे?"

मावशीनं पलीकडचं कपाट उघडलं आणि देवगांडूळ तळहातावर घेऊन बाहेर आणलं. "बोट लावा. इथं, डोक्याच्या मागे. घाबरू नका, चावायचं कधीच सोडलंय त्यानं. किती गाठी लागतात?"

बाईंनी बोट लावलं. "दोन."

"आता या सापाच्या कवटीला." तिनं ताटातली कवटी काढून पुढे केली.

"एक."

"झालं तर. शिवाय सापाचा जबडा सोडवला की दोन्ही बाजू वेगळ्या होतात, याची कवटी घट्ट एकसंध. अंगावर होती तेव्हा याची कातडी खवल्यांची, कोरडी नव्हती, ओली गुळगुळीत होती. पाय नाहीत म्हणून कुणी साप होत नाही. पाय नसलेले फार आहेत जगात."

बाई जराशा हसल्या. पण हसून त्यांनी वहीत लिहिलं ते मावशीनं उलट बाजूनेही वाचलं: सरपटणारे, तीन. चौथा अपूर्ण. तिला वाईट वाटलं, पण लिहिलेलं खरं होतं.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली आणि सर मागच्या खोलीत आले. दार लोटायलाही थांबले नाहीत.

"समाधान झालं? विभागाची इज्जत घालवलीत! झाकून देत होतो तुम्हाला, तर स्वतःच्या हातानं चव्हाट्यावर मांडलंत!"

"माझंच मांडलं, सर. तुमचं नाव कुठं लिहिलं?"

हे सरांना जास्तच झोंबलं. "तो कागद मी फाडलाय. एकतीस तारखेला किल्ल्या जमा करायच्या. आणि आत्ताच्या आत्ता ती चिठ्ठी कपाटातून काढा."

"किल्ल्या देते. चिठ्ठी नाही काढणार."

"मग मी काढतो!"

"काढा की. बाईंनी तिचा फोटो घेतलाय, तुम्ही मागे उभे आहात त्यात. पुढच्या वेळी आल्या की विचारतील, त्या तीन ओळी कुठं गेल्या. काय सांगाल ते आत्ताच ठरवून ठेवा."

सर दाराशी गेले, परत फिरले. तोवर मावशीनं दालनातून आणून ठेवलेलं ताट पुढे ओढून भिंग पुसलं होतं, आणि ती मणके एका तारेत ओवायला लागली होती, शेपटीकडून.

"हे काय आता?"

"साप. चौथा पुरा करायचाय ना?"

"अहो, चारशे बरगड्या आहेत! तेरा दिवसांत?"

"रोज तीस-बत्तीस लागतील," मावशी भिंगातून डोळा न काढता म्हणाली. "उरल्याच तर तुम्ही लावा. डॉक्टरेट केलीय म्हणता, कुठली कुठं जाते ते माहीतच असेल. आता जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."