उभीच आहेस तर

अडुसष्ट सालची गोष्ट. वहिनी शेगडीपाशी उभी राहून कालचं वर्तमानपत्र कापत होती आणि दूध करपलं.

"काय जळतंय गं?" आईने आतून विचारलं.

"काही नाही आई, साय लागली जराशी."

"साय लागत नाही, दूध लागतं. लक्ष कुठे असतं तुझं?"

लक्ष वर्तमानपत्रात होतं. त्या कागदातून कोटाची पाठ निघत होती. वहिनीने ती दिव्यासमोर धरून पाहिली, खांद्याचा उतार बोटाने चाचपला आणि घडी करून पिठाच्या डब्यामागे सरकवली. मग करपलेलं पातेलं घासायला घेतलं.

माझी ही वहिनी कपडे शिवून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात कामाला होती. दुकानाच्या मागच्या अंगाला शिलाईयंत्रांची रांग होती आणि तिथे बायका बसत. पुढे, उजेडाच्या बाजूला, लांबलचक टेबल होतं आणि तिथे मास्टर उभा राहून कापड बेतायचा. बसणाऱ्यांनी शिवायचं आणि उभ्याने बेतायचं, अशी तिथली वाटणी. बसणाऱ्या सगळ्या बायका आणि उभा राहणारा पुरुष, हेही ठरलेलंच होतं. जाता-येता वहिनी त्या टेबलाकडे बघायची, माहेरच्या वाटेकडे बघावं तशी.

म्हातारा मास्टर हिवाळा सरला की काम सोडणार होता. त्याच्या जागी कोण, असा विषय निघाला तेव्हा वहिनी यंत्रावरून म्हणाली, "मी उभी राहीन." रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मालकालाही गंमत वाटली. तो म्हणाला, एक कोट बेतून आण, पहिल्या खुणेपासून शेवटच्या बटणापर्यंत तुझ्या हातचा. मास्टरच्या निरोपाच्या दिवशी टेबलावर ठेव, मग बघू. ते "बघू" कुठल्या जातीचं होतं हे सगळ्यांना कळलं. वहिनीने मात्र तो शब्द धरून ठेवला.

मास्टर तिला जेवणाच्या सुट्टीत शिकवायला लागला. करड्या लोकरीचा एक उरलेला तुकडाही त्याने तिला दिला. बेताबाताने एक कोट निघेल एवढाच. त्याने बजावलं होतं की कापड दुहेरी घालून कापलं तर डावी-उजवी बाही आपोआप निघते, पण हा तुकडा तोकडा आहे. एकेक बाही सुटी कापावी लागेल, आणि दुसरीच्या वेळी नमुन्याचा कागद उलटा ठेवायचा. "मी अजूनही मोठ्याने म्हणतो, बाई. डावी म्हणायचं, कापायचं. उजवी म्हणायचं, कापायचं. लाज वाटून घ्यायची नाही."

शिकणं दुकानात झालं, सराव घरी करायचा होता आणि घरी वेळ नव्हता. पूर्वी ती घरच्या शिलाईयंत्रावर बसली की घरातला प्रत्येक जण काहीतरी फाटकं घेऊन यायचा. "बसलीच आहेस तर एवढं बटण लाव." "बसलीच आहेस तर उशीला अभ्रा शिव." बेतायचं काम उभ्याने असतं, म्हणजे आता यातून सुटका, असं तिला वाटलं होतं. पण आमच्या घरात उभ्या बाईलाही मोकळीक नव्हती. "उभीच आहेस तर पाणी दे." "उभीच आहेस तर खिडकी लाव." आडवी झालेली बाई काय ती सुटायची, तीही ताप असेल तर.

तरीही ती वेळ काढत राहिली. दूध तापेपर्यंत एक कॉलर, नळाखाली बादली भरेपर्यंत एक खिसा. शेल्फांवर अंथरायचे कागद आधी तिच्या कात्रीखालून जायचे, त्यामुळे आमचे डबे महिनोन् महिने कोटाच्या पाठींवर उभे होते. आई म्हणायची, सुनेला कागद खायची सवय लागलीय, शेळीच आणली म्हणा. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मापं द्यायलाही तयार नव्हता. घरात पुरुषाचं अंग ते एकच. शेवटी तो खुर्चीत बसूनच म्हणाला, "घे काय घ्यायचं ते. मी उठणार नाही."

रविवारी दुपारी तिने खरं कापड कापायला काढलं. जेवणं झाली होती, भांडी झाली होती. मी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला भूगोल पाठ करत होते, दुसऱ्या टोकाला वहिनीने लोकर पसरली. पाठ निघाली, पुढचे पल्ले निघाले. प्रत्येक तुकड्यावर आणि तो जिथे जोडायचा तिथे ती खडूने खूण करायची, डावीकडे "डा", उजवीकडे "उ". मग म्हणाली, "डावी," आणि पहिली बाही कापली.

"काय पुटपुटतेस गं?" पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली. "डोळा लागत होता माझा. कामं करताना तोंड कशाला चालवायचं?"

"नाही बोलत, आई."

तिने कागद उचलला. "उभीच आहेस तर माझी ती शाल दे," आई म्हणाली. वहिनी कागद खाली ठेवून शाल देऊन आली. कागद पुन्हा उचलला. दादाने वर्तमानपत्रातून डोकंही न काढता पाणी मागितलं. ते दिलं. मग आईला शाल नको झाली, उकडायला लागलं. वहिनी परत आली, कागद लोकरीवर ठेवला, चारी बाजूंनी टाचण्या लावल्या आणि तोंड मिटून कापलं.

दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या होत्या. हे तिला कळलं बाह्या जोडताना, दोन दिवसांनी. लोकरीची सुलट बाजू वेगळी आणि उलट वेगळी, त्यामुळे फिरवून लावायचीही सोय नव्हती. कापड तर वीतभरही उरलं नव्हतं. ती बराच वेळ यंत्रापाशी बसून राहिली. दादाने मोजा पुढे केला. "बसलीच आहेस तर."

तिने मोजा रफू केला. मग चुकलेली बाही तशीच जोडली, ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवत राहिली. लोकर वाफेने वळते म्हणतात. थोडी वळलीही. पण कोपर मागेच राहिलं.

दादाला कोट घालून बघायची भारी हौस आली. डावा हात झोकात गेला. उजवा गेला आणि मागे कुणीतरी पिरगाळून धरल्यासारखा दिसायला लागला. दादा तसाच खोलीभर फिरला, वाकून आईला नमस्कार केला, मला पोलिसाने धरलंय म्हणाला. आई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. तेव्हापासून दादा वहिनीला "डावी" म्हणायला लागला. "डावीला सांग चहा टाकायला."

निरोपाच्या दिवशी तिने कोट दुकानात नेला. आई म्हणाली, हसं करून घ्यायला जातेस का? वहिनी म्हणाली, "आण म्हणालेत, म्हणून नेते."

तिने तो टेबलावर ठेवला. मास्टरने डाव्या बाहीवरून अंगठा फिरवला, मुंढ्यात जिथे बाही खांद्याला भेटते तिथे थांबला आणि मालकाला म्हणाला, ही बाही बघा. मालक दुसरी बघत होता. त्याने तो कोट दारालगतच्या लाकडी पुतळ्यावर चढवला आणि म्हणाला, "राहू दे इथेच. बाई बेतायला उभी राहिली की काय होतं, ते नव्या पोरींना दिसलं पाहिजे."

पुतळ्याचं तोंड यंत्रांच्या रांगेकडे होतं.

टेबलापाशी मास्टरच्या जागी मालकाचा भाचा आला. नवी बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला कोट दाखवायचे, मग ज्या बाईने तो बेतला तिच्याकडे बोट दाखवायचे. निवृत्त होईपर्यंत वहिनी त्या कोटासमोर बसून शिवत होती.

मास्टर दुसऱ्याच वर्षी वारला. मालकाच्या मुलांत भांडणं होऊन दुकान बसलं, आता तिथे मोबाईल विकतात. दुकान उठलं तेव्हा भाच्याने कोट कागदात गुंडाळून वहिनीकडे पाठवला. दादा म्हणाला, सासरी पाठवलेली लेक परत आली. आई नव्वद वर्षं जगली, शेवटची सहा वहिनीच्या हातचं भरवून घेत. दादाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वहिनी त्याच्यासाठी उजवी बाही उसवलेले, बंद लावलेले सदरे शिवायची आणि तो पलंगावरून म्हणायचा, "डावे, उभीच आहेस तर पंखा लाव." तो गेल्यावर घर एकदम शांत झालं. तेव्हा वेळच वेळ होता, पण वहिनीचे हात थरथरायला लागले होते. मी शाळेत भूगोल शिकवला, आता मीही म्हातारी आहे.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेली. तिची ट्रंक मी आवरली. तळाशी तो कोट होता. चुकलेली बाही तिने एकेक टाका काढून उसवली होती, कुठे धागा ओढलेला नव्हता. ती बाही ट्रंकेत नव्हती. चहा करायला स्वयंपाकघरात गेले, आधण उतरवायला खुंटीवरचं जाडं करडं फडकं घेतलं, आणि हातात धरल्यावर ओळखलं. कडा मुडपून शिवलेल्या होत्या. वर्षानुवर्षं आम्ही सगळ्यांनीच त्याने भांडी उतरवली होती.

परत येऊन मी कोट खिडकीपाशी नेला. डावी बाही अजून तशीच डौलदार होती. उजवा मुंढा रिकामा होता आणि त्याच्या आतल्या बाजूला, अस्तराखाली, खडूचा "उ" होता, पुसट, पण वाचता येण्याजोगा.