केशरी गर्दीतला हिरवा मफलर

मित्रांनो, मी एक जुना मफलर आहे. रंग बाटलीसारखा हिरवा, दोन्ही टोकांना पांढरे गोंडे आणि मधोमध एक गाठ. इतर मफलर आपली कहाणी सांगू लागले की थंडीवाऱ्याचे आणि उबेचे बोलतात. मी तसे बोलणार नाही. माझ्या आयुष्यातली बरीच वर्षे जळफळण्यात गेली. एका स्वेटशर्टचा मी आठ वर्षे हेवा केला, आणि त्याच्यासोबत बास्केटबॉलच्या एका अख्ख्या टीमचाही. सांगायला लाज वाटते, पण तुमच्याशी खोटे कशाला बोलू?

माझा जन्म १९८६ च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्स या गावी झाला. जिकडे जावे तिकडे गोल चौक, आणि प्रत्येक चौक आधीच्या चौकासारखा, असे हे गाव. तिथे शशिकांत आणि वैजयंती राहत. शशिकांत एका कॉम्प्युटर कंपनीत, वैजयंती लायब्ररीत. त्यांची मुलगी मीनल तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिचा जन्म तिथलाच. वैजयंतीचा धाकटा भाऊ उदय अमेरिकेत विलोबी नावाच्या लहानशा कॉलेजात शिकवत असे. त्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे नाव हेरन्स, म्हणजे बगळे. उदयला या टीमचे वेड लागले होते, आणि आपले वेड बहिणीच्या घरीही लागावे म्हणून तो महिन्या-दोन महिन्यांनी मॅचची एक व्हिडिओ टेप पोस्टाने धाडायचा.

आता खरी गंमत ऐका. अमेरिकेत भरलेली टेप इंग्लंडच्या मशीनवर नीट चालत नसे. आवाज ठणठणीत यायचा, पण चित्र करडे दिसायचे, रंगाचा पत्ता नसायचा, आणि वर ते सारखे खालून वर पळायचे. ते थांबवायला टीव्हीच्या पाठीमागे एक बटण होते आणि ते सतत हाताने फिरवत राहावे लागे. म्हणून मॅच सुरू झाली की शशिकांत टीव्हीच्या मागे स्टूल टाकून बसायचा. एक हात बटणावर, दुसऱ्या हातात वैजयंतीचा छोटा आरसा. त्या आरशात तो मॅच बघायचा, उलटी.

"उदयला सांगा ना, टेप नीट दिसत नाही म्हणून," वैजयंती म्हणायची.

"अगं, त्यानं एवढ्या हौसेनं पाठवलीय. भेट आलेल्या वस्तूत खोट काढायची का? वाईट वाटेल त्याला."

मग फोनवर तो मेहुण्याला सांगायचा, "टेप फस्ट क्लास दिसते रे! अगदी समोर बसल्यासारखं वाटतं." असे तीन वर्षे चालले. या भिडेपोटी माझ्या नशिबी जे आले, ते पुढे सांगतो.

रविवारी दुपारी जेवणे झाली की टेप लागायची. शशिकांत टीव्हीमागे, मीनल गालिच्यावर, आणि सोफ्यावर विणकाम घेऊन वैजयंती. एका रविवारी मीनलने हट्ट धरला की इंग्लंडमधल्या फुटबॉलवेड्या मुलांना टीमचा मफलर असतो, तसा तिलाही बगळ्यांचा हवा.

"रंग कुठला त्यांचा?" वैजयंतीने विचारले.

"कुणाला माहीत? ग्रे दिसतं सगळं."

"ग्रे कोण ठेवेल? आपल्या गावातल्या विलन लेकवर बगळा उभा असतो बघ, हिरव्या गवतात. हिरवाच असणार."

घरात मीनलच्या शाळेच्या जंपरची, म्हणजे स्वेटरची, हिरवी लोकर उरली होती. त्या लोकरीचा मी झालो. माझा अर्धा देह विणून झाला होता तेव्हा चौदा नंबरच्या किडकिडीत मुलाने शेवटच्या सेकंदाला लांबून बॉल टाकला आणि तो आत गेला. वैजयंती सुयांसकट उभी राहिली, "गेला! गेला!" म्हणून ओरडली. तीन टाके सुटले. मागाहून तिने ते कसेबसे गोळा करून गाठ मारली. तीच माझी मधली गाठ. शशिकांतने आनंदाच्या भरात बटण सोडले, त्यामुळे जिंकलेले बगळे छताकडे पळत सुटले.

ते माझे लाडाचे दिवस होते. मॅच असली की मीनल मला गळ्यात घालायची, जूनमध्येसुद्धा. एकदा मी धुवायला गेलेलो असताना बगळे हरले, तेव्हापासून मला धुवायचीच बंदी झाली. वास यायचा थोडा, पण मान होता. मला वाटायचे की ही टीम जिंकते ती माझ्यामुळेच. ताठा म्हणतात तो हाच.

१९८९ च्या उन्हाळ्यात उदयमामा पहिल्यांदा इंग्लंडला आला. रविवारी जेवण झाल्यावर मीनलने मोठ्या अभिमानाने टेप लावली आणि मला गळ्यात घालून बसली. शशिकांत सवयीने आरसा घेऊन टीव्हीमागे गेला. उदय दारात येऊन उभा राहिला आणि बघतच राहिला.

"भाऊजी, तुम्ही मागे काय करताय? आणि रंग कुठे गेले?"

तीन वर्षांचे गुपित फुटले. उदय हसून हसून खाली बसला. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"ताई, हे काय घातलंय हिला? अगं, आपला रंग केशरी! हिरवा तर ऑल्डन कॉलेजचा, त्या अस्वलांचा! आपले पक्के दुष्मन ते. हा घालून तिथं गेलीस ना मीनल, तर आत पण घेणार नाहीत!"

सगळे हसले. मीनल हसली, शशिकांत हसला. वैजयंतीही हसली, पण सगळ्यांत शेवटी. उदयने बॅगेतून एक पिशवी काढली. आत झगझगीत केशरी स्वेटशर्ट होता, छातीवर पंख पसरलेला बगळा. मीनलने मला गळ्यातून ओढून सोफ्यावर टाकले आणि तो अंगात चढवला. पुढे चार दिवस तिने तो काढला नाही, झोपतानासुद्धा.

मला वैजयंतीनेच उचलले. घडी घातली आणि टीव्हीखालच्या कपाटात, जुन्या पडद्यांच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवून दिले.

मित्रांनो, हेवा म्हणजे काय ते मला त्या कपाटात कळले. दाराच्या फटीतून मला त्या केशऱ्याची एक बाही तेवढी दिसायची. काय होते हो त्याच्यात? कारखान्यात त्याच्यासारखे हजारो निघाले असतील. त्याच्यासाठी कुणी टाके मोजले नव्हते. कुणी "गेला! गेला!" म्हणून ओरडले नव्हते. तरी पाहुणे आले की मीनल त्यालाच दाखवायची, आणि मला दाखवले तर गंमत म्हणून. "माझ्या आईनं चुकून अपोझिट टीमचा स्कार्फ केला होता," असे ती मैत्रिणींना सांगायची आणि त्या खिदळायच्या. मी पुन्हा पडद्यांखाली जायचो.

घरात आता दोन्ही देशांच्या टेप चालवणारे नवे मशीन आले. शशिकांत टीव्हीमागून निघून सोफ्यावर आला. रंग दिसू लागले. मी मात्र चिडून ठरवले की मला हिरवा म्हणता ना, मग मी अस्वलांचाच. त्या दिवसापासून मी अंधारात बसून बगळ्यांचे वाईट चिंतू लागलो. आणि काय सांगू, बगळे हरूही लागले! चौदा नंबरचा मुलगा शिकून बाहेर पडला, नवी पोरे कच्ची निघाली. एक वर्ष गेले, दोन गेली, पाच गेली. प्रत्येक पराभवाला मी पडद्यांखाली गोंडे हलवायचो.

मला वाटले, आता हे लोक कंटाळतील. केशऱ्यालाही कपाट दाखवतील. पण तसे झाले नाही. बगळे जितके हरत, तितकी मीनल त्यांना चिकटून राहायची. १९९४ ला ती केंब्रिजला शिकायला गेली, तरी रविवारी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न तोच.

"बाबा, आपण कितीनं हरलो?"

आपण! तिने ते कॉलेज डोळ्यांनी बघितलेले नव्हते, आणि तरी 'ते' हरले असे ती एकदाही म्हणाली नाही. माझा संताप संताप व्हायचा. ही टीम दर वर्षी हरते आणि तिला दर वर्षी माफी मिळते. मी एकदाच चुकीच्या रंगाचा निघालो, मला एकदाही मिळू नये?

या जळफळाटात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ती मी फार उशिरा ओळखली, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या रविवारनंतर वैजयंती एकदाही मॅच बघायला बसली नव्हती. टेप लागली की तिला स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचे. आणि तिने सुयाही पुन्हा हातात घेतल्या नव्हत्या.

१९९७ च्या सप्टेंबरात मीनल एका वर्षासाठी विलोबी कॉलेजात पुढचे शिकायला निघाली. घरभर बॅगा पसरल्या होत्या. केशरी स्वेटशर्ट आता तिला डोक्यातूनही जाईना. तो बाजूला ठेवून ती जुन्या टेप शोधायला खालच्या कपाटात वाकली आणि पडद्यांसकट मी बाहेर आलो. मला एक भोक पडले होते, कसर लागून.

"ते टाकून दे गं," वैजयंती म्हणाली. "चुकीच्या रंगाचं आहे ते."

मीनल मला हातात घेऊन बसली. तिच्या बोटांना माझी गाठ लागली.

"आई, हे तेव्हा झालं ना? चौदा नंबरनं लास्ट सेकंदला बास्केट केला तेव्हा? तू उडी मारलीस."

"असेल."

"तू मॅच बघायचं बंद का केलंस?"

"मला काम असतं, मीनल."

"आई."

वैजयंतीने टेपांची धूळ पुसायला घेतली. मग पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही सगळे हसलात गं. गंमतच होती ती, मला कळतं. पण मी इतक्या हौसेनं केला होता. मला वाटलं, यातलं आपल्याला काही कळत नाही, आपण कशाला मधे बसायचं?"

बॅगेतले दोन जाड जंपर मीनलने बाहेर काढले आणि त्या जागी मला ठेवले.

"अगं वेडे, तिथं लोक हसतील!"

"हसू देत."

फेब्रुवारीत बगळ्यांची अस्वलांशी मॅच होती. त्या हॉलमध्ये जिकडे बघावे तिकडे केशरी. हजारो केशरी स्वेटशर्ट! मला तर भीतीच वाटली. उदयमामाही केशरी घालून आला होता आणि माझ्याकडे बघून अवघडला होता.

"मीनल, निदान कोटाच्या आत तरी खोच. लोक बघतायत."

"नाही मामा. हा आईनं केलाय."

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मागे वळून तिला अस्वलांची बाजू पलीकडे आहे असे समजावून सांगितले. मीनल म्हणाली, "मी हेरन्सचीच आहे, अकरा वर्षांपासून." आजोबांना ते पटल्यासारखे दिसले नाही.

बगळे दोन गुणांनी हरले. माझ्या आठ वर्षांच्या इच्छेप्रमाणे माझ्या डोळ्यांदेखत, अस्वलांकडून हरले. मी गोंडे हलवणार होतो. तेवढ्यात मीनलने मला तोंडावर धरले आणि रडली. "मामा, आपण हरलो," ती म्हणाली. मी ओला होत गेलो, आणि मला अजिबात आनंद झाला नाही. एका टीमचे आयुष्यभराचे होणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. ज्यांच्या शेजारी बसून तुम्ही जिंकलात आणि हरलात, त्यांना सोडवत नाही. त्यात रंग नंतर येतो.

उदयने त्या मॅचची टेप नेहमीसारखी इंग्लंडला पाठवली. दहा-बारा दिवसांनी त्याच्या घरचा फोन वाजला. मी मीनलच्या गळ्यातच होतो, आणि वैजयंतीचा आवाज एवढा मोठा येत होता की मला सगळे ऐकू आले.

"मीनल! दिसलीस! मी किचनमध्ये होते, बाबांनी हाक मारली. सगळं नुसतं केशरी केशरी, कुणाचं तोंड ओळखू येईना. उदयसुद्धा सापडला नाही आम्हाला. आणि मधेच एक हिरवं दिसलं. म्हटलं, हा माझा मफलर! ही माझी पोर!" मग ती हसून म्हणाली, "बाबांनी तिथंच टेप थांबवून ठेवलीय. मी बसलेय समोर. आता पुढची मॅच कधी आहे गं?"

मीनलने माझी गाठ मुठीत घट्ट धरली आणि तारीख सांगितली.

आता मी पुन्हा मिल्टन कीन्सला असतो, टीव्हीसमोरच्या सोफ्याच्या पाठीवर. वैजयंतीने माझे भोक बुजवले, पण हिरवी लोकर केव्हाच संपली होती, म्हणून तिने केशरी लावली. येणारा जाणारा आधी त्या ठिगळाचेच कौतुक करतो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी त्याचाही हेवा करतो, पण आता थोडासाच.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या कपाटाच्या तळाशी असा कुणी हसण्यावारी नेलेला पडला असेल, तर त्याला एकदा बाहेर काढा, ऊन दाखवा, कसर लागली असेल तर ठिगळ लावा. आणि ज्या हातांनी तो केला, त्यांना तुमच्या शेजारी बसायला बोलवा. पुढची मॅच रविवारी आहे. सोफ्यावरची मधली जागा वैजयंतीची.